उंबरा कापायचं मशीन

घरी लाकूडकाम करायचं असेल तर पहिलं मशीन ड्रिलचं घ्यावं, दुसरं जिगसॉ, म्हणजे विजेची छोटी करवत, आणि तिसरं घेण्याआधी निदान वर्षभर थांबावं. दुकानात मशीन हातात घ्यावं, हात समोर सरळ ताणावा आणि तसाच धरून ठेवावा. दुकानदार बोलत राहतो, त्याला बोलू द्यावं. त्याचं बोलणं संपायच्या आत हात खाली आला तर ते मशीन आपलं नाही. ताकद, वेग, हमी हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं. आपला हात केवढा, ते छापलेलं नसतं.

हे मला नवऱ्याने शिकवलं. तो सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. जन्मभर लोखंड कापलं, म्हणून घरी लाकूड कापायचा. नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला आमचं रो-हाऊस आहे. मागच्या मोकळ्या जागेवर पत्रा टाकून त्याने तिथे टेबल मांडलं होतं. त्याच्या त्या कामाशी माझा संबंध भुसा झाडण्यापुरता. मी एका पतसंस्थेत कॅश काउंटरला होते. "दिवसा नोटा मोजते, संध्याकाळी भुसा झाडते, सुट्टी कशी ती नाही बिचारीला," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

हातातल्या बऱ्याच मशीनना स्विचच्या बाजूला एक छोटं बटण असतं. ते दाबलं की स्विच अडकून राहतो आणि बोट सोडलं तरी मशीन चालू राहतं. या बटणाचा त्याला भयंकर राग. लाईट जाते, माणूस मशीन तसंच टेबलावर ठेवतो, चहा प्यायला जातो, लाईट येते आणि मशीन टेबलभर नाचतं. कारखान्यात त्याने एकाची मांडी अशी फाटलेली पाहिली होती. "बोट सुटलं की मशीन मेलं पाहिजे," हा त्याचा नियम. शेजारी कुणी ड्रिल मागायला आला तर ड्रिल देताना तो हे वाक्यही द्यायचा.

एका रविवारी मी मागे कपडे वाळत घालत होते. तो फळीला भोकं पाडत होता. मशीनचा आवाज सलग येत होता, भोकांच्या मधेही थांबत नव्हता. मी वळून पाहिलं. त्याने ते बटण दाबलेलं होतं.

"लॉक का केलंत?"

"सोयीचं पडतं."

"तुम्हीच तर म्हणता..."

"म्हणत होतो." त्याने मशीन बंद करून टेबलावर ठेवलं आणि उजव्या हाताची तर्जनी वाकवून दाखवली. ती अर्ध्यात थांबली. "स्विच दाबून धरता येत नाही गं. सुटतो."

त्याच्या आजाराची आमच्या घरातली पहिली नोंद ही. पुढे बऱ्याच तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते लांब होतं. अर्थ आखूड होता. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा वाळत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं आणि गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र पूर्ण शाबूत राहतं. त्याने विचारलं, "दुरुस्ती?" डॉक्टर म्हणाले, "नाही." एवढं सरळ उत्तर दिलं म्हणून तो त्यांच्यावर खूश होता.

रिक्षात परत येताना तो म्हणाला, "मशीनं विकू नको. शीक."

"मी?"

"मग कोण? न्हाणीत बसायला काहीतरी लागेल, धरायला दांडे लागतील, पलंग उंच करावा लागेल. सुतार लोक स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करतात. पाटाएवढ्या कामाला कोण येतंय? आला तरी त्याच्या सवडीने येणार. आपल्याकडे सवड नाही."

मी मनात हिशेब केला. तो बरोबर होता.

त्याची मशीनं मला जड होती. त्याच्या हाताला बसणारं ड्रिल माझ्या मनगटाला झटका द्यायचं. म्हणून आम्ही भद्रकालीतल्या त्याच्या नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदार त्याला वर्षानुवर्षं ओळखत होता.

"या साहेब. काय दाखवू?"

"मला नाही. हिला."

"वहिनींना?" तो हसला आणि मला सोडून नवऱ्याशीच बोलायला लागला. "मग साहेब, गिफ्टचा सेट आहे. गुलाबी खोकं, हलकंफुलकं, फोटोबिटो टांगायला एकदम छान."

"गुलाबी खोक्याने सागात भोक पडतं का?" मी विचारलं.

"सागात... नाही पडत तसं."

"मग पडेल असं काढा."

नवरा स्टुलावर बसून पंख्याकडे बघत राहिला. तो हसतोय हे मला त्याच्या मिशीवरून कळलं. मी एकेक मशीन घेऊन हात ताणून उभी राहिले. शेवटी मधल्या आकाराचं एक ड्रिल घेतलं, वायरीचं. बॅटरीचं मशीन सुटसुटीत असतं, पण बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते आणि तोवर तिचा जोड बाजारातून गेलेला असतो. वायरीच्या मशीनचे कार्बन झिजले की नवे घालायचे, पुढे चालू. जिगसॉ घेतली. लाकूड घासायचं मशीन घेतलं. ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावून अर्धं नाशिक फळ्या कापतं, तेही वरचं संरक्षक कवच काढून. ते आमच्या घरात होणार नाही, असं त्याने दुकानदारादेखत मला बजावलं.

निघताना दुकानदाराने आणखी एक मशीन काढलं. लांबट, मुठीत मावणारं, पुढे पत्र्यासारखं सपाट पातं. "हे बघा वहिनी, नवीन आलंय. पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं. हाताला ओढत नाही." त्याने ते चालू केलं. माशी अडकल्यासारखा आवाज आला. "जिथे करवत जात नाही तिथे हे. फरशीला चिकटून कापतं. चौकटीचा खालचा भाग, उंबरा, असलं कसलं."

नवरा त्या पात्याकडे बघत होता. त्याच्या अर्ध्या बाहीखाली दंडाचं मांस आपोआप थरथरत होतं. त्या आजारात तसं होतं, कातडीखाली गांडूळ फिरल्यासारखं.

"माझ्यासारखंच आहे," तो म्हणाला.

"घेऊन जा साहेब. वहिनींना एकदम सेफ."

"ते नको."

"अहो पण..."

"नको म्हटलं ना."

दुकानदाराने मशीन परत खोक्यात ठेवलं. मीही त्या वेळी त्यात काही पाहिलं नाही.

शिकायची सुरुवात बांगड्यांपासून झाली. "काढ," तो म्हणाला. माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, मधे एकेक सोन्याची. फिरणाऱ्या बिटात काचेची बांगडी अडकली तर मनगट जातं. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, ओढणी-पदर नाही, केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांवर चष्मा. मी बांगड्या काढल्या आणि रोज घालायचा-काढायचा कुटाणा नको म्हणून परत घातल्याच नाहीत. शेजारच्या बाईंनी दारातून विचारलं, "काय हो, हात मोकळे?" मी म्हटलं, "मशीन ओढून घेतं." त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही.

तो खुर्चीत बसून बोलायचा आणि मी करायची. "दाबू नको. तिला तिचं खाऊ दे." "आवाज ऐक. आवाज बसला की तू जोर लावतेयस." "कॅशियर, रेघ कशासाठी मारलीय? रेघेच्या बाहेरून काप, आतून नाही." मी पहिली फळी वाकडी कापली तेव्हा म्हणाला, "नोट फाटली. बदलून आण." द्वारका चौकाकडच्या वखारीतून मी बदलून आणली.

न्हाणीतलं बसायचं स्टूल केलं, पाणी जायला फळ्यांमध्ये फटी ठेवून. ते वापरायला लागलो तोवर त्याला टेकून बसायला पाठ लागायला लागली. पाठ लावली, तोवर बाजूने पडू नये म्हणून हात लागले. पलंगाखाली ठोकळे घातले. भिंतीला सागाचा दांडा लावला, चांगला गोल घासून. त्याने तो दांडा फार दिवस धरला नाही. माझी वस्तू तयार व्हायची तोवर आजार एक खोली पुढे गेलेला असायचा. मी गती वाढवली. आजाराला माझ्या गतीशी काही देणंघेणं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला कडुनिंबाखाली कट्टा आहे. संध्याकाळी तिथे रिटायर लोक बसतात. कांद्याचा भाव, सरकार, गुडघे, जावई. नवरा रोज जायचा. पाय जायला लागले तसं त्याचं जाणं बंद झालं. कट्ट्यावरचे लोक दोन-चारदा घरी आले, सोफ्यावर ओळीने बसले आणि पोहे खाऊन गेले. ते गेल्यावर तो म्हणाला, "आजाऱ्याला बघायला येतात तसे आले होते."

"आजारी आहातच की."

"मला तिथे जायचंय. कुणी नेलेलं नको. मी गेलो पाहिजे. हाक न मारता, कुणाला न उठवता. दार उघडं, मी बाहेर, मी कट्ट्यावर."

त्याचं मागणं एवढंच होतं. नंतरही त्याने दुसरं काही मागितलं नाही.

बॅटरीवर चालणारी खुर्ची आणली. हाताशी एक छोटी कांडी, ती ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला खुर्ची जाते. दारापासून कट्ट्यापर्यंत सगळं सोयीचं होतं. दाराबाहेरचा ओटा घराच्या फरशीच्या पातळीत, ओट्यावरून खाली स्कूटरसाठी केलेला उतार, पुढे गल्ली. अडचण एकच, उंबरा. सागाचा, आडवा, चांगला तीन बोटं उंच. खुर्चीची पुढची चाकं त्याला धडकून थांबायची.

मी म्हटलं, "कापू या."

"नाही. चौकट ढिली पडेल."

हे खोटं होतं. आम्ही घर घेतलं तेव्हा दाराला उंबराच नव्हता. सासूबाई म्हणाल्या होत्या, उंबऱ्याशिवाय घर म्हणजे धर्मशाळा. म्हणून त्याने स्वतः सागाची फळी रंधून, फरशीत खाच पाडून तो उंबरा बसवला होता. त्याखाली सासूबाईंनी हळकुंड, सुपारी आणि एक नाणं ठेवलं होतं. त्या असेपर्यंत रोज सकाळी उंबरा पुसून हळदकुंकू लावत. त्या गेल्यावर मी लावते, सवयीने, शुक्रवारी. उंबरा नव्हता तेव्हा चौकट पडली नव्हती. मी हे बोलून दाखवलं.

"तू कॅशियर आहेस, सुतार नाहीस," तो म्हणाला. "उतार करू. दोन्ही बाजूंनी. मी सांगतो तसं कर."

ज्या माणसाने आयुष्यभर सत्यनारायणाला बसताना घड्याळ पाहिलं, तो उंबऱ्याला हात लावू देत नव्हता, आणि कारण चौकटीचं सांगत होता. मी वाद घातला नाही. उतार केला.

पहिला उतार पातळ प्लायचा. खुर्ची जड, त्यात तो. प्लाय मधोमध वाकलं. दुसरा जाड प्लायचा, खाली पट्ट्या ठोकून. तो वाकला नाही, पण दार आत उघडतं, आणि आतल्या बाजूला उतार ठेवला की दार लागत नाही. म्हणजे तो बाहेर निघाला की कुणीतरी उतार मांडायचा आणि तो गेला की काढायचा. म्हणजे हाक. मग त्याने बिजागऱ्यांचा घडीचा उतार सांगितला. तो करायला मला बरेच रविवार लागले, कारण बिजागरीची खाच हाताने पाडायला मला जमत नव्हती आणि खाच खोल झाली की उतार डुगडुगायचा.

याच दिवसांत त्याचा हात कांडीवरून घसरायला लागला. मी कांडीवर बसवायला सागाचा गोळा केला, मुठीत धरण्यासारखा. मूठ वळेनाशी झाल्यावर आडवी दांडी केली, तळव्याने ढकलण्यासारखी. मग तळवाच ठेवता येईल अशी वाटी. तिन्ही वस्तू मी घासून गुळगुळीत केल्या. कातडी पातळ झाली होती, त्याला लाकडाची कूस लागून चालणार नव्हतं.

घडीचा उतार बसला त्या सकाळी तो स्वतः खुर्ची घेऊन निघाला. खुर्ची आतला उतार चढली, पुढची चाकं पलीकडे उतरली आणि खुर्चीचं पोट उंबऱ्यावर टेकलं. मागची चाकं हवेत गरगर फिरली. दार त्याच्या पाठीमागे अर्धवट उघडं, तोंड ओट्याकडे, आणि तो उंबऱ्यावर अडकलेला. समोरच्या घरातले गृहस्थ दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते. ते थबकले.

"काय साहेब, निघालात?"

तेव्हा त्याचं बोलणं जड झालं होतं, दारू प्यायलेल्या माणसासारखं. "उंबऱ्यावर... बसू नये... म्हणतात," तो म्हणाला. "मी पार... पार्किंग केलंय."

त्या गृहस्थांनी आणि मी मिळून खुर्ची मागे ओढली. ते गेल्यावर मी पुन्हा म्हटलं, "कापते."

"उतार... लांब कर."

"ओटा केवढा आहे ते दिसतंय ना? लांब केला तर गेटच्या बाहेर जाईल."

"चौकट..."

"चौकटीला काही होत नाही. तुम्हालाही माहितीय."

त्याने मान भिंतीकडे वळवली. मान अजून वळत होती.

दिवाळी गेली. कट्ट्यावरच्या लोकांनी स्वेटर काढले. मी लांब उताराचा प्रयत्न करून पाहिला आणि तो स्कूटरच्या उताराला आडवा येतो म्हणून मोडून टाकला. मोडलेल्या प्लायची खरकटी भांडी ठेवायला फळी केली. संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायका उंबरा ओलांडून आत आल्या आणि ओलांडून गेल्या. तो आतल्या खोलीतून त्यांची पावलं ऐकत असायचा. खुर्चीत बसवलं की त्याची नजर दाराच्या खालच्या बाजूला जायची, जिथे बाकीच्यांची नजर कधी जात नाही.

मग एका सकाळी मी त्याला पेज भरवत होते. त्याने तोंड मिटलं. मला वाटलं, गिळायला त्रास होतोय. मी चमचा खाली ठेवला. तो बराच वेळ तोंड जुळवत होता. मग म्हणाला, "काप."

शब्द स्पष्ट आला. त्या महिन्यातला सगळ्यात स्पष्ट शब्द.

मी त्याच दुपारी अर्धी रजा टाकून भद्रकालीत गेले. दुकानदाराने विचारलं, "साहेब नाही आले?"

"घरी आहेत. ते थरथरणारं मशीन द्या."

त्याने काढून दिलं. लाकडाची पाती दोन जास्त घ्या म्हणाला, साग जुना असेल तर पातं लवकर बोथट होतं. ते खरं निघालं.

मी त्याची खुर्ची दारासमोर आणून उभी केली. मशीन त्याला दाखवलं, बटण दाखवलं. मशीनला सरकवायचं बटण होतं, बोटाने दाबून धरायचं नव्हतं. ते सरकवलं की चालूच राहतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माहितीय. वायर जवळ ठेवते. काही झालं की पिन उपटेन." त्याने डोळ्यांची उघडझाप केली. ती त्याची संमती.

पातं फरशीला टेकवून मी बाजूने सुरुवात केली. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू लाकडात मुरलेलं होतं. सुरुवातीचा भुसा लाल-पिवळा निघाला, मग आतल्या सागाचा, तपकिरी. मशीन हाताला मुंग्या आणतं. दर थोड्या वेळाने थांबायचं, पातं गार करायचं. मी जोर लावला की आवाज बसायचा आणि मागून "अं" असं यायचं. मी हात हलका करायची. चौकटीच्या दोन्ही पायांशी मशीन तिरकं धरावं लागलं. उरलेलं मी पटाशीने सोललं आणि घासायच्या मशीनने फरशीच्या सपाटीला आणलं. खाली पुरलेलं होतं तिथवर मी गेले नाही. हळकुंड, सुपारी, नाणं जिथल्या तिथे आहे. हे मी त्याला मोठ्याने सांगितलं, कारण तेच त्याला ऐकायचं होतं. चौकट जागची हलली नाही. तेही सांगितलं.

भुसा झाडला. ओल्या फडक्याने पुसलं. मग मी बाजूला झाले.

त्याचा तळवा वाटीत ठेवलेला होता. खुर्ची चालू होती, हिरवा दिवा लागलेला. तो ढकलत असावा. त्याच्या मानेची शीर फुगली. वाटी हलली नाही. पुन्हा. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. मी वाटीखालचा स्क्रू सैल करून पाहिला, मग आणखी सैल. उपयोग नव्हता. ज्याला ढकलायचं होतं तो हात ढकलण्याच्या पलीकडे गेला होता. दिवाळीत गेला नव्हता. संक्रांतीपर्यंतही थोडा होता.

शेवटी मी माझा हात त्याच्या हातावर ठेवून कांडी पुढे केली. खुर्ची दारातून गेली. काहीही आवाज झाला नाही, एवढासाही धक्का बसला नाही. काम चांगलं झालं होतं. ओट्यावर पोचल्यावर मी विचारलं, "कट्ट्यावर?"

त्याने डोळ्यांची उघडझाप केली नाही. मी खुर्ची वळवली आणि आत आणली.

नंतर महिनाभराने त्याची मोठी बहीण येवल्याहून एसटीने आली. पायांना वंगण नाही आणि जिभेला आहे, असं ती स्वतःबद्दल सांगते. दारात तिने सवयीने साडी उचलून पाय उंच टाकला, तो तसाच खाली आला आणि ती दाराला धरून उभी राहिली.

"अगं बाई! उंबरा कुठाय?"

मी तयारीत होते. "कापला, ताई. खुर्ची जात नव्हती."

ती कमरेत वाकली आणि तिने त्या जागेवरून तळवा फिरवला. "गुळगुळीत केलायस. कधी?"

"महिना झाला."

"महिना? आणि हा खुर्चीत कधीपासून आहे? इतके दिवस काय करत होतात?"

"ते नको म्हणत होते. चौकट ढिली होईल म्हणे."

"चौकट कसली! आईमुळे म्हणत असणार, येडा." ती आतल्या खोलीत त्याच्या पलंगाशी गेली, खुर्ची ओढून बसली आणि तो बहिरा असल्यासारखं त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागली. त्याचे कान उत्तम होते. "काय रे? आईचा उंबरा म्हणून ठेवला होतास? अरे, आई शेवटी शेवटी फोनवर मला काय म्हणायची माहितीय का? म्हणायची, हा मेला उंबरा कुणीतरी उपटा गं, रोज अडखळते मी. पडले दोनदा. म्हटलं, सांग की त्याला. तर म्हणे, नको, त्याने एवढ्या हौसेने सागाचा बसवलाय, त्याला वाईट वाटेल."

त्याचा चेहरा हलायला लागला. तोंड वाकडं झालं, घशातून गुर्र असा आवाज आला, खांदे हलले. या आजारात हसू आणि रडू दोन्ही आवरत नाही, आणि चेहऱ्यावरून दोन्ही सारखीच दिसतात.

"बघ, हसतोय," ताई म्हणाली. "हस बाबा, हस."

मी त्याची लाळ पुसली. तो हसत होता की नाही, ते मला कळलं नाही. विचारलं तरी त्याला सांगता आलं नसतं.

उन्हाळा सुरू व्हायच्या आत तो गेला. सकाळी गेला, चांगलं उजाडल्यावर. श्वास थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही.

घर भरलं. कट्ट्यावरचे सगळे आले, या वेळी उभे राहिले. एक लांबची नातेवाईक बाई माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझा हात हातात घेतला. मनगट चाचपलं, मग दुसरं. बांगड्या काढायला आली होती. काढायला काही नव्हतं. त्या मी ड्रिल घेतलं तेव्हाच काढल्या होत्या. तिला काय करावं कळेना. ती माझा हात तसाच धरून बसली आणि थोड्या वेळाने सोडून दिला.

माणसांनी त्याला उचललं. तिरडी हॉलमधून दाराकडे निघाली. पुढे दोघं, मागे दोघं, सगळे गल्लीतले, वर्षानुवर्षं आमच्या घरी येणारे. दारापाशी पुढच्यांपैकी कुणीतरी मागच्यांना सावध केलं, "उंबरा, उंबरा. जपून." आणि चौघांनीही आपापल्या वेळी पाय उंच उचलला. पुढच्या दोघांचे पाय जिथे टेकतील असं त्यांना वाटलं होतं त्याच्या खाली जाऊन आपटले. तिरडी गचकली. त्याचं डोकं एका बाजूला कललं. मागच्या एकाचा तोल गेला आणि त्याने चौकटीला हात टेकला. चौकट पक्की होती.

"अरे, उंबरा नाहीये तिथे!" ताई आतून ओरडली. "सपाट आहे. सरळ चाला."

मग ते सरळ चालले. दारातून ओट्यावर, ओट्यावरून स्कूटरच्या उताराने गल्लीत. कडुनिंबापाशी खांदा बदलायला त्यांनी तिरडी क्षणभर कट्ट्यावर टेकवली.